सहल महेश्वरला, पण नवदाटोली राहिलीच

माननीय संपादक,

सहावीतल्या नातीची सहल महेश्वरला गेली. किल्ला, घाट, माग, सगळं पाहिलं. नर्मदेच्या समोरच्या काठावरची नवदाटोली ही प्राचीन वस्तीची जागा मात्र कुणी दाखवली नाही. तिथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५०च्या दशकात उत्खनन झालं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गोल झोपड्या, काळ्या नक्षीची तांबूस मडकी, जळालेले गहू नि मसूर मातीतून निघाले. मसूर! नात पटकन म्हणाली, "आजी, म्हणजे आपल्यासारखीच आमटी?" हा प्रश्न वर्गात यायला हवा होता. प्रागैतिहासिक काळ म्हणजे पाठ करायच्या सनावळ्या नव्हेत. शाळांनी सहलीत नर्मदा ओलांडण्यासाठी तासभर राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

एक निवृत्त शिक्षिका, इंदूर