पिवळ्या गोळ्या

लालबाग,
रविवार, रात्र

प्रिय पम्या,

गणपतीपासून पत्र नाही, फोन नाही. काय शिव्या घालायच्या त्या एकदाच घालून घे. आई बरी आहे, माझं पित्त आहे तसंच. हे तुलाच लिहितोय, कारण काकांच्या दुकानात काउंटरमागे माझ्यासोबत तूच असायचास.

सध्या संधिवाताच्या ओपीडीत मॅडमच्या मागे शेपटासारखा फिरतो. त्या पेशंटचे २८ सांधे एकेक करून दाबतात, मी कुठे दुखलं ते लिहितो. शरीराची फौज शरीरावरच उलटलेली, असा सगळा मामला. ल्युपस म्हणून यातलाच एक आजार, त्याच्या पोरी तर आपल्याच वयाच्या. त्यातल्या एकीने मला विचारलं, "तुम्ही खरे डॉक्टर का?" हसू नकोस.

तर कळव्याच्या एक मावशी आल्या. पोळ्या लाटायचं काम, आणि सकाळी दीड-दोन तास मूठच वळत नाही. मॅडमनी मेथोट्रेक्सेट लिहिलं, ती उलटलेली फौज आवरायचं औषध: अडीच मिलिग्रॅमच्या चार, फक्त रविवारी. बाकी सहा दिवस फॉलिक अ‍ॅसिड, रोज एक. मला म्हणाल्या, नीट समजावून दे. हे रोज घेतलं तर काय होतं ते तुला फार्मसीवाल्याला काय सांगायचं. मी दोन्ही स्ट्रिपा दाखवल्या, दोनदा वदवून घेतलं. बाहेर ही रांग!

पंधरा दिवसांनी मावशी हजर. तोंडभर फोड, पाणी गिळवेना. पिशवीतून दोन डब्या काढल्या, एक कुंकवाची, एक तपकिरीची. दोन्हींत बारक्या पिवळ्या गोळ्या. त्यांच्या बोटांना स्ट्रिप फुटत नाही, म्हणून शेजारच्या पोरीने महिन्याच्या सगळ्या एकदम फोडून दिलेल्या. मग डब्यांची अदलाबदल. तपकिरीच्या डबीत मेथोट्रेक्सेट, त्यातल्या तीनच उरल्या होत्या. सोळातल्या तेरा, रोज एक. प्लेटलेट ४२ हजार, पांढऱ्या पेशीही खाली.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांची बोटं तू पाहिली होतीस ना?" पाहिली होती रे. त्याच बोटांच्या चित्रावर मी लाल पेनाने गोल केले होते.

आता वॉर्डात उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं चालू आहेत, प्लेटलेट आज ६१ हजार झाल्या. पण मावशी येईल त्याला सांगतात, "माझाच वेंधळेपणा, डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी दोनदा सांगितलेलं." आणि डॉक्टर बिचारे सलाईनचे थेंब मोजत उभे.

काका पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढायला लावायचे, आठवतं? दहावीच्या सुट्टीत एका आजोबांच्या झोपेच्या गोळीवर सूर्य मी काढला, थोबाडीत तू खाल्लीस. माझं नाव घेतलं नाहीस, वर महिनाभर बोललाही नाहीस. मी सगळ्यांना सांगायचो, पम्या भाव खातोय. (बॅटचे माझे दोनशे रुपये अजून तुझ्याकडेच आहेत, तो हिशोब वेगळा.)

मावशींना खरं सांगावं म्हणतो. मग वाटतं, घाबरून गोळ्याच सोडतील, बोटं कायमची वाकडी होतील. हे त्यांच्यासाठी वाटतं की माझ्यासाठी, तेच कळत नाही.

ताईचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन सांग. चिपळूणचं दुकान कसं चाललंय? काकांचे गुडघे?

पोस्टाने हे पोचेपर्यंत फार उशीर होईल, म्हणून पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतोय. मावशींना गुरुवारी घरी सोडतील. त्याआधी फोन कर.

तुझा,
मिल्या