रॅली काढली म्हणजे गटकार्य झालं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजकार्य महाविद्यालयांच्या क्षेत्रकार्याच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी गावात-वस्तीत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाच्या, बातम्या जिल्हा पानावर नेहमी येतात. बॅनर, घोषणा, पथनाट्य, सरपंचांच्या हस्ते वृक्षारोपण आणि मथळ्यात 'समुदाय संघटन'. उपक्रम वाईट नाहीत. पण देशातलं समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण १९३६ साली ज्या मुंबईत सुरू झालं, त्या महाराष्ट्रात एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा, विद्यार्थी एकही गट शेवटपर्यंत न चालवता पदवी घेतो, हे खटकतं.

गटकार्य म्हणजे ठरावीक माणसांच्या छोट्या गटासोबत सलग बैठका घेऊन केलेलं काम. त्याला ८ ते १२ जण पुरतात. दर आठवड्याला तासाभराची एक, अशा १० ते १२ बैठका हव्यात. पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाला घरी जाऊन भेटायचं आणि त्याला गटातून काय हवं ते विचारायचं. प्रत्यक्षात अंगणवाडीत जमवलेल्या ३५ मुली म्हणजे 'किशोरी गट', आणि विषय मार्गदर्शकांनी आधीच ठरवून दिलेला! तिथे व्याख्यान होतं, गट होत नाही.

खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या बैठकीला येते. दोघी भांडतात, एक रुसून जाते, हजेरी निम्म्यावर येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गटविकासाच्या टप्प्यांतला हा संघर्षाचा टप्पा प्रश्नपत्रिकेत सगळे बिनचूक लिहितात. गटात तोच समोर आला की मात्र घाबरून संगीतखुर्ची घेतात किंवा नव्या मुली आणून संख्या भरतात. नव्या मुली आल्या की गट पुन्हा पहिल्या पायरीवर जातो. अशा वेळी भांडण दाबायचं नसतं. बसण्या-बोलण्याचे नियम गटाकडूनच पुन्हा ठरवून घ्यायचे असतात. आणि शेवटच्या बैठकीच्या दोन-तीन बैठका आधीपासूनच निरोपाची तयारी करायची असते. एप्रिलमध्ये परीक्षा आली म्हणून विद्यार्थी एकाएकी नाहीसा होतो, तेव्हा पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्या वस्तीत कुणी दारात उभं करत नाही.

अहवालांचं तर काय सांगावं! 'वातावरण खेळीमेळीचे होते, सर्वांनी उत्साहाने सहभाग घेतला' हे वाक्य नसलेली वही विरळाच. त्याऐवजी कोण कुठे बसलं याची आकृती, कोण किती वेळा बोललं, कोण एकदाही बोललं नाही, आणि त्या क्षणी विद्यार्थ्याने काय केलं व का केलं, एवढं लिहिलं तरी पुरे. दर आठवड्याच्या आयसीत, म्हणजे मार्गदर्शकासोबतच्या वैयक्तिक चर्चेत, बोलायला तेच लागतं. मात्र तासिका तत्त्वावरचा शिक्षक वीस वह्यांवर एका दमात सह्या करणार असेल, तर विद्यार्थ्यानेही जीव ओतून का लिहावं?

वस्तीपातळीवर, म्हणजे समुदाय संघटनात, चूक निराळी होते. गावाचा सामाजिक नकाशा, म्हणजे घरं, वस्त्या, पाण्याच्या जागा दाखवणारा नकाशा, लोकांकडून रांगोळीने काढून घ्यायचा, तर जागा बहुतेक देवळापुढची निवडली जाते. तिथे गावकीतले पुरुष बोलतात. पलीकडच्या वस्तीतल्या बाया फिरकत नाहीत. त्यामुळे नकाशात त्यांचा हातपंप राहून जातो आणि पुढचं सगळं नियोजन त्याच अर्धवट नकाशावर होतं. तोच नकाशा किमान दोन ठिकाणी, त्यातला एकदा फक्त बायकांकडून काढून घ्यावा आणि दोन्हींतला फरक लोकांपुढेच ठेवावा. चर्चा तिथून सुरू होते.

मग प्रश्न एकच घ्यावा, सुटण्याजोगा. उदाहरणार्थ, अंगणवाडीचा बंद नळ. अर्ज लोकांनीच लिहावा, सह्या-अंगठे त्यांचेच, आणि आपल्या प्रतीवर ग्रामपंचायतीचा आवक क्रमांक घ्यावा. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे विषय आधी मांडावा. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असलेली संख्या. त्यामुळे माणसं आणण्याचं कामही वस्तीनेच वाटून घ्यायचं. हा अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहून स्वतः नेऊन दिला, तर नळ कदाचित सुरू होईल; पण पुढच्या वेळी तो बंद पडला की लोक विद्यार्थ्याचीच वाट बघत बसतील.

यात मोठा अडसर वेळापत्रकाचा. क्षेत्रकार्याचे आठवड्याचे दोन दिवस सकाळी दहा ते पाच बांधलेले असतात. त्या वेळी बाया रोजाने शेतात किंवा धुण्याभांड्याला गेलेल्या असतात. भेटतात ती म्हातारी माणसं आणि लहान पोरं. विद्यापीठांनी आठवड्याचे एकूण तास तेवढेच ठेवून त्यातले निम्मे तरी संध्याकाळी आणि रविवारी धरावेत. विद्यार्थिनींनी उशिरा एकट्याने परतू नये म्हणून त्यांना दोघी-तिघींच्या जोड्यांनी एकाच वस्तीत पाठवावं. मौखिक परीक्षेतही फोटोंचा अल्बम बाजूला ठेवून एकाच गटाच्या सलग दहा बैठकांच्या नोंदी मागवाव्यात.

आपले,
काही क्षेत्रकार्य मार्गदर्शक, नाशिक