जुन्या गाडीचा सायलेन्सर: पॅचच्या आधी गळती शोधा

संपादक महोदय,

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीची फेरनोंदणी जवळ आली की ‘सायलेन्सरचा आवाज येतोय, पॅच मारून द्या’ ही मागणी गॅरेजमध्ये हमखास होते. पॅचने आवाज थांबतो, पण गळती दुसरीकडे असेल तर बिघाड तसाच राहतो.

पत्रा बहुतेक वेळा आतून कुजतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. कोथरूडहून डेक्कनपर्यंत, म्हणजे थोडेच अंतर जाऊन उभ्या राहणाऱ्या गाडीचा मागचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही. वाफ आतच निवते आणि गंज धरतो. वरून रंग चांगला दिसला, तरी सांध्याजवळ स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहावे. काही सायलेन्सरना सर्वांत खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी कंपनीनेच बारीक भोक ठेवलेले असते. ते गळती समजून वेल्डिंगने बुजवतात आणि नवा सायलेन्सरही लवकर जातो.

गळती शोधायला इंजिन थंड हवे. गाडी मोकळ्या जागेत सुरू करून एकाने हातमोजा घालून मागच्या पाइपाच्या तोंडावर ओले फडके चार-पाच सेकंदच धरावे. दुसऱ्याला फुसफुस कुठून येते ते ऐकू येईल. सांध्यावर काळी काजळी दिसली तर तीही खूणच. सकाळी टिकटिक आवाज येतो आणि गाडी तापल्यावर कमी होतो, असे असेल तर मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पहिल्या पाइपाचे) गॅस्केट पाहावे. धातू प्रसरण पावला की फट मिटते.

गळतीची जागा महत्त्वाची अशासाठी की, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला फट असेल तर धुराच्या दोन झोतांच्या मध्ये दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटते, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जादा पेट्रोल सोडतो. अॅव्हरेज घटते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि मालक विनाकारण सेन्सर बदलून बसतो. म्हणून पुढचे सांधे, गॅस्केट आणि फ्लेक्सिबल पाइप आधी तपासावेत, मागचा डबा नंतर.

गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारावे. नट सोडताना आधी किंचित आवळावा, मग उलटा फिरवावा. इंजिनच्या हेडमधला स्टड (रोवलेला बोल्ट) तुटला तर तासाभराचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते. जुने गॅस्केट पुन्हा बसवू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ लावावा, नाहीतर ईसीयू किंवा अल्टरनेटर जळू शकतो. कुजक्या पत्र्यावर वेल्डिंगचा टाका टिकत नाही, भोक मोठे होते. चांगला धातू लागेपर्यंत पाइप कापून दोन्ही बाजूंना निदान 40 मिलिमीटर चढेल असा स्लीव्ह (पाइपावर बाहेरून चढणारी नळी) बसवावा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भिस्त ठेवू नये, स्टँड लावावेतच.

सायलेन्सर टांगणारा रबरी हँगर तुटला की तारेने बांधतात, हे तर थांबलेच पाहिजे. इंजिन मऊ माउंटिंगवर डुलते, तार डुलत नाही. सगळा ताण पुढच्या पाइपावर येऊन फ्लँजपाशी (पाइपाच्या बोल्टच्या सांध्यापाशी) तडा जातो. नाना पेठेत हे रबर सहज मिळते.

पिकअप वाढेल म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नये. छोट्या इंजिनाला गरजेपेक्षा जाड पाइप लावला की वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमवरची ओढ उलट घटते. धूर आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पीयूसी (प्रदूषण तपासणी) केंद्रांना आमची विनंती आहे: तपासणीची नळी घालण्यापूर्वी सायलेन्सर फुटका नाही ना, एवढे पाहा. फटीतून हवा मिसळली तर आकडे खोटेच चांगले येतात.

काचा बंद असलेल्या गाडीत सिग्नलवर ज्यांचे डोके जड होते, त्यांनी तर पीयूसीचीही वाट पाहू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचा उघडाव्यात, एसी आत हवा फिरवण्यावर ठेवू नये आणि डिकीच्या दाराचे रबर व मागचे सांधे त्याच दिवशी तपासून घ्यावेत.

— जुन्या मोटारींची कामे करणारे गॅरेज व्यावसायिक, पुणे