वहीतला मोह

मुलीला शाळेने ‘जंगल वाचवा’ प्रकल्प दिला. दुकानातून चित्रांचा तक्ता आणला, कात्रणे डकवली, मुखपृष्ठावर थर्माकोलचे झाड! पैकीच्या पैकी गुण. शाळेच्या कुंपणापलीकडचे मोहाचे झाड मात्र तिला ओळखता येईना. आम्ही राहतो गडचिरोलीत. इथून तीसेक किलोमीटरवर धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे गाव. बांबू कधी, किती तोडायचा, हे तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते, बहुमताने नाही. आमच्या शाळेची सहल दरवर्षी वॉटर पार्कला! एकदा मुलांना त्या ग्रामसभेत मागे सतरंजीवर बसू द्या की. प्रकल्पवहीचे गुण हवे तर कापा.

– एक पालक, गडचिरोली