दिवाळीआधी पडदे धुणाऱ्यांसाठी - गच्ची आणि पाण्याची सूचना

नमस्कार मंडळी, दरवर्षी दिवाळीच्या आधी सगळ्यांचे पडदे एकदमच मशीनमध्ये जातात आणि दुपारी टाकी रिकामी, म्हणून यंदा वार वाटून घेतलेत. ए विंग येत्या शनिवारी, बी विंग रविवारी, सकाळी ७ ते ११. गच्चीची चावी वॉचमनकडे आहे, वहीत फ्लॅट नंबर लिहून न्या आणि संध्याकाळी ६ च्या आत पडदे उतरवा.

- ओले पडदे गॅलरीच्या कठड्यावरून बाहेर सोडू नका प्लीज, खालच्यांच्या वाळवणावर पाणी गळतं.
- हूक आधी काढा, नाहीतर जाळीचं कापड फाटतं.
- ब्लॅकआउट पडदे गरम पाण्यात टाकू नका, पिळू पण नका. मागच्या वर्षी माझ्या बेडरूमचे असेच गेले, मागचा पांढरा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि आता उन्हात चाळणी धरल्यासारखा उजेड आत येतो, खूप वाईट वाटलं.
- ब्लाइंड्सच्या पट्ट्या बंद करून जुना सुती मोजा हातात घालून वरून खाली पुसा, लाकडी असतील तर कोरड्यानेच.
- खिडकीबाहेर पाय टाकून कुणीही पुसायचं नाही, कामवाल्या मावशींना पण सांगू नका.

आणि ब्लाइंड्सची लोंबती दोरी उंच हूकला गुंडाळून ठेवा, घरात लहान मूल असेल तर आजच, कारण ती गळ्यात अडकू शकते. पाळणा, पलंग पण त्या खिडकीपासून लांब सरकवा.

वार बदलून हवा असेल तर गुरुवारपर्यंत इथेच सांगा.