सिरपूर तलावावरच्या अनोळखी मंडळींचे आभार

रविवारी इंदूरच्या सिरपूर तलावाकाठी बाभळीत मांजाने अडकलेला पाणकावळा सोडवणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार! धडपडीने दोरा पंखात आणखीच रुतत होता, आम्हा मायलेकींना काही सुचेना. दूधवाले काका गाडी लावून फांदीपर्यंत चढले. एका ताईंनी ओढणी टाकून त्याचे डोळे झाकले, तसा तो बराच शांत झाला (ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी). मग कॉलेजच्या मुलांनी छोट्या कात्रीने एकेक फेरा कापला. घाई नाही, ओढाताण नाही. वनविभागाची माणसं येईपर्यंत सगळे थांबलात.

होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पण हळदी-कुंकू बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्या इथे निर्धास्त राहाव्यात, तर तुमच्यासारखी माणसंच हवीत. गडबडीत तुमची नावं कळली नाहीत. पुन्हा भेटलात तर चहा-पोहे आमच्याकडे!