लायसन्ससाठी एकट्याने किती लढायचं? केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रिमहोदय, स.न.वि.वि.

आपण मुंबईतून लोकसभेवर निवडून गेला आहात, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितो. मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त पशुधन विकास अधिकारी. निम्मी नोकरी माण-खटावात गेली. माझी पुतणी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि लग्न होऊन कॅनडात गेली. पशुवैद्यांना लायसन्स देणाऱ्या तिथल्या कौन्सिलशी तिचं भांडण चालू आहे. प्रकरण मानवाधिकार ट्रायब्युनलपुढे असल्यामुळे तिचं नाव, प्रांत, कौन्सिल आणि माझंही नाव देत नाही. बाकी काही हातचं राखून लिहीत नाही.

कॅनडाशी सर्वंकष आर्थिक कराराची बोलणी सुरू करायचं २०२५च्या नोव्हेंबरात दोन्ही पंतप्रधानांनी ठरवलं. ती बोलणी आपल्या खात्याची. मसूर, वाटाणा, पोटॅश यांवर तिथे कीस पाडला जाईल, पाडलाच पाहिजे. त्याच टेबलावर आपल्या पशुवैद्यांच्या तिथल्या लायसन्सचा विषयही घ्या, एवढ्यासाठी हे पत्र.

परीक्षा नको, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडच्या पदवीधराला तिथे आधी मूलभूत ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते, मग 'नॅव्हले' ही उत्तर अमेरिकेची लायसन्सची परीक्षा, शस्त्रक्रियेची पूर्वचाचणी आणि शेवटी काही दिवस चालणारी प्रात्यक्षिक परीक्षा. खर्च प्रचंड आहे, पण तत्त्व बरोबर आहे. जन्मभर खिलार बैलांचे खांदे आणि आडवी आलेली वासरं बघितलेल्या माझ्यासारख्याला उद्या मांजराचे दात काढायला बसवलं, तर आधी माझी परीक्षा घ्यावीच. पुतणीने ही सगळी पायरी चढली, आणि अडवणूक सुरू झाली ती त्यानंतर.

इंग्रजीच्या परीक्षेचे गुण अर्जासोबत जोडलेले असताना तिला 'संवादकौशल्य' तपासायला मुलाखतीला बोलावलं. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या ऑस्ट्रेलियन मुलीला बोलावलं नाही. मुलाखतीत विचारलं, "तुमच्या संस्कृतीत कुत्र्याला घरात घेतात का?" आमच्या घरची कुत्री हिच्या गोधडीत झोपायची, आणि त्यावरून हिने आईचा मार खाल्लेला आहे. ती फक्त "हो" म्हणाली.

लायसन्स मिळालं, तिने एका म्हाताऱ्या डॉक्टरचा चालू दवाखाना घेतला, तेव्हा तपासणी आली. तपासनिसाने औषधांच्या फ्रीजचं तापमान बघण्याआधी मागच्या खोलीत जाऊन तिचा जेवणाचा डबा उघडला. आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. अहवालात शेरा आला, आवारात तीव्र वास येतो. याच इमारतीच्या, याच भिंतींच्या आधीच्या अहवालात वासाबद्दल एक अक्षर नाही. शस्त्रक्रियेची खोली, एक्स-रे, भुलीचं यंत्र, नोंदवह्या यांत त्यांना काही खोट सापडली नाही. तरी फेरतपासणी लावली, तिची फी हिनेच भरायची.

एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते, हे मला कळतं. कौन्सिलचा वकीलही हेच म्हणतोय. म्हणूनच कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला निकाल आपल्या अधिकाऱ्यांनी वाचायला हवा. तिथे भारतीय वंशाच्या १३ पशुवैद्यांनी तिथल्या पशुवैद्यक नियामक संस्थेविरुद्ध मानवाधिकार ट्रायब्युनलकडे दाद मागितली. बहुतेक पंजाबी, शिक्षण भारतातलं. स्वस्तात नसबंदी करून देत म्हणून आधीच डोळ्यांत खुपत होते. बोली इंग्रजीचा निकष कामाला लागतो त्याहून वर चढवून ठेवला होता. तपासण्या आणि तक्रारींच्या चौकशीतही त्यांच्याकडे आधीच संशयाने बघितलं जाई. सगळे आरोप काही मान्य झाले नाहीत, पण वंशावरून भेदभाव झाला, असा निकाल २०१५च्या ऑक्टोबरात लागला. त्या ट्रायब्युनलच्या सर्वांत लांबलेल्या सुनावण्यांपैकी ही एक. निकाल हातात येईतो माणसाचा धंद्यातला उमेदीचा काळ निघून जातो, आणि वकील तिथे तासावर पैसे घेतात. ते तेरा जण होते म्हणून टिकले. माझी पुतणी एकटी आहे.

त्याच प्रांतात त्याआधी, १९९९ साली, डॉक्टरांचं एक प्रकरण गाजलं होतं. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथून आलेल्या डॉक्टरांना जवळची वाट आणि उरलेल्या जगाला लांबची, असा नियम होता. यादीकडे नुसतं बघितलं तरी ती कुणाचे चेहरे डोळ्यांपुढे ठेवून केली ते समजतं. ट्रायब्युनलने हा मूळ स्थानावरून केलेला भेदभाव ठरवला. मात्र दर वेळी असं होतं असंही नाही. अल्बर्टात चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या एका इंजिनिअरने २०१४ साली असाच निकाल मिळवला आणि २०१६ साली वरच्या कोर्टाने तो फिरवला. म्हणजे न्यायालयावर सगळी भिस्त ठेवून चालत नाही.

तिथल्या सरकारांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ओंटारिओने २००६ साली कायदा करून नियामक संस्थांवर लक्ष ठेवायला आयुक्त नेमला. ब्रिटिश कोलंबियाचा २०२३चा कायदा १ जुलै २०२४पासून लागू आहे. कॅनडातल्याच अनुभवाची अट त्याने बहुतेक काढली, आणि इंग्रजीची परीक्षा एकदा दिली की पुन्हा पुन्हा मागायची नाही असं ठरवलं. कायद्यात आलंय तेवढं तरी आपण करारात मागू शकतो ना?

आपले अधिकारी सांगतील, साहेब, कॅनडात व्यवसायांचं नियमन प्रांतांकडे आहे, ओटावाच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या, हातात काही नाही. खरं आहे ते. पण युरोपशी केलेल्या करारात, जो २०१७पासून बहुतांशी अमलात आहे, कॅनडाने व्यावसायिक पात्रतांच्या परस्पर मान्यतेचं स्वतंत्र प्रकरण घातलं, आणि त्या वाटेने आर्किटेक्टांसाठीची मान्यता निघाली. तिथे सरकारांनी फक्त चौकट दिली, बोलणी दोन्हीकडच्या व्यावसायिक संस्थांनी केली. प्रांतांची अडचण तिथे आड आली नाही. आपणही सिंगापूरशी २०१८ साली नर्सिंगबाबत असा करार केलेला आहे, म्हणजे हे काम आपल्या खात्याला नवीन नाही.

ऑस्ट्रेलियाबाबत मात्र थोडं बोलतो. मार्च २०२३मध्ये त्यांच्याशी पदव्यांच्या परस्पर मान्यतेची यंत्रणा झाली. पेपरात मोठे मथळे आले, शिरवळच्या मुलांचे मला फोन आले. आत वाचलं तर व्यवसायाची नोंदणी त्यातून वगळलेली. पुढे शिकायला पदवी चालते, दवाखान्याची पाटी लावायला चालत नाही. कॅनडाच्या करारात हे पुन्हा होऊ देऊ नका.

आता घरचं. त्या लोकांना बोल लावण्याआधी आपण आपल्याकडे बघू. परदेशी एमबीबीएस घेऊन आलेल्या मुलाला आपण स्क्रीनिंग परीक्षा द्यायला लावतो, पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथलं पदव्युत्तर पदवीपर्यंतचं शिक्षण असेल तर तीच माफ करतो. यादी ओळखीची वाटली असेल. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेची मान्यता, जी कॅनडातही ग्राह्य धरतात, असलेलं एकही कॉलेज भारतात नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाकडे ती आहे. दक्षिण कोरियातल्या सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१९ साली मिळवली. कोरियाला जमतं ते आपल्याला न जमण्याचं कारण मला सांगता येतं: लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, आणि बाहेरच्या समितीला आत घेऊन सगळं उघडून दाखवायची आपली तयारी नसणं. एखाद्या तरी कॉलेजाला पैसा देऊन हे काम सुरू करा. शिरवळ असेल तर मला आनंदच आहे, पण मुंबई किंवा लुधियाना असलं तरी चालेल.

मात्र कॉलेजाला मान्यता मिळाली की भेदभाव संपेल, या भ्रमात कुणी राहू नये. माझ्या पुतणीच्या डब्याचा वास नॅव्हलेच्या निकालाने गेला नाही आणि कॉलेजाच्या मान्यतेनेही गेला नसता. तिच्यासाठी करारात वेगळी कलमं लागतील. लायसन्सचा अर्ज नाकारला किंवा अडवला तर कारण लेखी द्यायचं आणि त्यावर ठरावीक मुदतीत स्वतंत्र अपील. भाषेची किंवा 'संवादा'ची चाचणी सगळ्यांना एकच, नाही तर कुणालाच नाही. अर्ज किती आले, कोणत्या देशातून, किती मंजूर, किती दिवसांत, हे आकडे दर वर्षी दोन्ही देशांनी एकमेकांना द्यायचे. आकडे समोर आले की 'योगायोग' म्हणायची सोय राहत नाही.

ज्या मुला-मुलींवर आज ही वेळ आली आहे, त्यांच्यासाठी व्हँकुव्हर आणि टोरांटोच्या वकिलातींमध्ये लायसन्सच्या तक्रारींसाठी एक माणूस बसवा, त्याच्याकडे पॅनेलवरचे वकील असू देत. हे परराष्ट्र खात्याचं काम, पण मागणी आपल्याकडून गेली तर तिला वजन येईल. साधी माहितीसुद्धा कुणी देत नाही. ब्रिटिश कोलंबिया आणि ओंटारिओत तक्रार वर्षाच्या आत करावी लागते. 'आधी समजुतीने घेऊ' म्हणत आपली पोरं तेवढ्यात मुदत घालवतात. पुतणीला शेजारच्या पंजाबी टॅक्सीवाल्याने वेळेत सांगितलं म्हणून तिची तक्रार दाखल झाली.

भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कुणी प्रतिनिधी या बोलण्यांत आहे का, आणि नसेल तर पुढच्या फेरीआधी नेमणार का, याचं उत्तर आपल्या खात्याने जाहीरपणे द्यावं. माण-खटावातली चार-पाच मुलं सध्या त्या परीक्षांचा अभ्यास करतायत. घरची जनावरं आणि जमीन गहाण टाकायची की नाही, हे त्यांच्या आईबापांना त्या उत्तरावरून ठरवता येईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
जि. सातारा